रात्रभराचे नाटक आणि कॅमेऱ्याची वीज

सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या जत्रांत दशावतारी नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याच्या हंडीबरोबर संपते. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर. मग आख्यान. देवळापुढच्या मांडवात एक लाकडी बाकडे, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, एवढ्यावर राजदरबारापासून रणांगणापर्यंत सगळे उभे होते. कथानक ठरलेले असते, पण संवाद कागदावर नसतात. राजपार्टी आणि खलपार्टी यांची शाब्दिक चकमक त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर, जागच्या जागी रचली जाते. पुढच्या गावी तेच आख्यान लागले तरी तीच वाक्ये ऐकू येत नाहीत. म्हणून या नाटकाचे चित्रीकरण करणाऱ्याला एक गोष्ट अजिबात परवडत नाही: मधेच कॅमेरा बंद पडणे.

हल्लीचे कॅमेरे नेमके इथेच तोकडे पडतात. मुळात ते फोटोसाठी घडवलेले, व्हिडिओ त्यांच्यात नंतर आला. सोनीच्या आल्फा मालिकेतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना लागणारी एनपी-एफझेड१०० ही बॅटरी १६.४ वॉट-अवरची आहे. कॅननची एलपी-ई६एनएच जवळपास तेवढीच, पॅनासॉनिक जीएच५ची चौदाच्या आसपास. मुठीत मावणाऱ्या या बॅटऱ्यांवर साडेसहा तासांचे नाटक कसे काढायचे, यावरून कुडाळच्या एका फोटो स्टुडिओत काका-पुतणीची चांगलीच जुंपली होती.

काका तीस वर्षे लग्ने, मुंजी, भजने आणि नाटके शूट करत आले आहेत. पुतणी पुण्यात चित्रपटाचे शिक्षण घेऊन आता दशावतारी मंडळांचे संपूर्ण प्रयोग फोर-केमध्ये नोंदवून ठेवण्याच्या कामाला लागली आहे. दुसऱ्या दिवशी जत्रा होती. चार्जरवर तिची एकच बॅटरी दिसली तेव्हा काकांनी विचारले, "एकच? आणि रात्रभर?"

"बाकी बाहेरून देणार." तिने काउंटरवर एक पॉवर बँक ठेवली.

"गो बाय, ही मोबाइलची वस्तू. हिच्या भरवशावर नाटक काढणार तू?"

काकांचा स्वतःचा बंदोबस्त खिशात होता. कंपनीच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने क्रमांक. एक ते चार याच क्रमाने त्या कॅमेऱ्यात जातात आणि वापरलेली बॅटरी डाव्या खिशात येते. भरलेली आणि रिकामी यांची अंधारात गल्लत होऊ नये, हा त्यातला हेतू.

"म्हणजे तीन वेळा थांबायचं," पुतणी म्हणाली. "कॅमेरा बंद करा, झाकण उघडा, ट्रायपॉडची प्लेट आड येत असेल तर ती सोडवा, बॅटरी बदला, कॅमेरा चालू करा, फ्रेम पुन्हा लावा. अर्धा मिनिट गेलाच."

"गेला. पण कधी गेला ते बघ. पखवाज चढलाय, तलवारी निघाल्यात, तेव्हा मी बॅटरीला हात लावीत नाही. आडदशावतार संपून आख्यानाला सुरुवात व्हायची असते तेव्हा बदलतो. पुढे राजा दरबारात येऊन पद म्हणतो. पद दुसऱ्या फेरीला गेलं की बदलतो. तीस टक्के उरलेली असली तरी बदलतो. बॅटरीने मला सांगायचं नाही कधी थांबायचं ते, मी तिला सांगणार."

हा काकांचा हट्ट नव्हे. त्यांची पिढी ज्या यंत्रांवर शिकली त्यांनीच ती शिस्त अंगी बाणवली. बीटाकॅमच्या काळातली एनपी-१ ही बॅटरी निकेल-कॅडमियमची, बारा व्होल्टची. ती अर्धवट उतरलेली असताना वारंवार चार्जला लावली तर तिची धारणाशक्ती घटते असे सगळेच मानत, म्हणून ती पुरती उतरवायची आणि मगच भरायची. तिचा भरवसा तेवढाच. पुढे फोटोच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ आला तेव्हा वेगळेच बंधन आले. कॅननचा ५डी मार्क टू २००८ साली निघाला, त्यात एक क्लिप साधारण बारा मिनिटांत संपे. नंतरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रीकरण आपोआप थांबे. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ चित्रण करणारे यंत्र आयातकराच्या दृष्टीने व्हिडिओ कॅमेऱ्यात मोडे. तो कर टाळण्यासाठी कंपन्यांनी एक सेकंद आधीच हात आखडता घेतला होता. दर अर्ध्या तासाला बटण दाबावेच लागते, तर त्याच वेळी बॅटरीही बघून घ्यावी, ही काकांची पद्धत अशी रुळली.

पण २०१९-२० नंतर ते बंधन बऱ्याच कॅमेऱ्यांतून गेले आणि थांबण्याचे कारण फक्त बॅटरी उरले. पुतणीचा मुद्दा इथून सुरू होतो.

"तुम्ही जागा निवडता ती तुम्हाला नाटक पाठ आहे म्हणून. मला हे मंडळ नवीन आहे. आणि पद चालू असताना काही घडत नाही असं तुम्ही धरता. मला तर पदच हवंय. दुसऱ्या फेरीला नट चाल कुठे वाकवतो, पखवाजवाला त्याच्याकडे कसा बघतो, हे अभ्यासाला लागणार आहे. लग्नाच्या फिल्ममध्ये अर्धा मिनिट गेला तर संकलनात झाकता येतो. नोंद म्हणून जे ठेवायचं त्यात खिंडार नको."

यावर काका गप्प राहिले नाहीत. "दोन कॅमेरे लाव. एकाची बदलताना दुसरा चालू."

"दोन लावणारच आहोत, तुमचा आणि माझा. पण एक मांडवाच्या मधोमध आहे, दुसरा वादकांच्या बाजूला. दोन्ही कोन मला सलग हवेत."

मग हिशेब निघाला. काकांनी पॉवर बँकेवरचा २०,००० हा आकडा वाचला आणि बॅटरीवरचा २,२८०. म्हणजे जवळपास नऊ बॅटऱ्या एका डबीत? दुकानदार असेच समजावून विकतात, आणि फसगत इथेच होते. एमएएचची तुलना व्होल्टेज सारखे असेल तरच करता येते. पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची असते. दोन्हीकडे गुणाकार करून वॉट-अवर काढले की खरे चित्र दिसते: पॉवर बँक ७४, बॅटरी १६.४. नऊपट नाही, साडेचारपट. त्यातही व्होल्टेज वर-खाली करताना काही वीज उष्णता होऊन जाते. पाचवा हिस्सा गेला असे धरले तर हाती साठेक वॉट-अवर उरतात.

कॅमेरा खातो किती? सोनीच्या ए७ थ्रीसाठी कंपनी एका बॅटरीवर सलग चित्रीकरणाचा अंदाज २१० मिनिटांच्या आसपास देते. १६.४ला साडेतीन तासांनी भागले की पाच वॉटला थोडे कमी येतात. हा प्रमाणित चाचणीचा आकडा. फोर-के, सतत चालू असलेला ऑटोफोकस, पडद्याचा वाढवलेला प्रकाश हे धरून पुतणीने सात वॉट लावले. साडेसहा तासांचे झाले पंचेचाळीस वॉट-अवर. काकांच्या पद्धतीने तीस टक्के शिल्लक असताना बदलायचे तर चार बॅटऱ्या जेमतेम पुरतील. पॉवर बँकेत मात्र पहाटेनंतरही शिल्लक उरते.

"आकड्यात तू जिंकलीस," काका म्हणाले. "पण माझं शूटिंग आकडा चुकल्यामुळे कधी पडलं नाही. पडलं ते जोड सुटल्यामुळे. पोटातल्या बॅटरीला जोड किती? एक. तुझ्या व्यवस्थेत मोज: डबीचं तोंड, वायरचं एक टोक, दुसरं टोक, कॅमेऱ्याचं तोंड. वर रात्री दोन वाजता लघवीला उठलेलं पोर आणि त्याचा पाय."

संपूर्ण वादातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. बाहेरून वीज देण्याबद्दल जेवढे बोलले जाते ते जवळजवळ सगळे क्षमतेबद्दल असते: किती तास, किती वॉट. खरा प्रश्न वीज तुटली त्या सेकंदाला काय होते हा आहे. आणि त्याचे उत्तर बाहेरून वीज देण्याच्या प्रत्येक पद्धतीत वेगळे आहे.

पुतणीने ते बोलून दाखवण्याऐवजी काउंटरवर करून दाखवले. तिचा कॅमेरा सोनीचा ए७एस थ्री, २०२० सालचा. यूएसबी-सीच्या तोंडातून पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी पद्धतीने वीज घेणारा. पीडीचे पहिले मानक २०१२ साली आले. त्यात दोन उपकरणे जोडली गेल्यावर आधी आपापसात बोलतात: मला नऊ व्होल्ट हवेत, माझ्याकडे आहेत, घे. कॅमेऱ्यांत ही सोय रुळायला २०२० उजाडले. तिने पूर्ण भरलेली बॅटरी आत ठेवली, पॉवर बँक जोडली आणि चित्रीकरण सुरू केले. पडद्याभोवती लाल चौकट आली, बॅटरीच्या चिन्हाशेजारी छोटे प्लगचे चिन्ह. मग तिने काकांचा मोबाइल घेतला आणि त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या तोंडात खोचला.

प्लगचे चिन्ह गेले. क्षणभराने परत आले. लाल चौकट तशीच होती आणि सेकंद पुढे सरकत होते.

"काय झालं ते?" काकांनी विचारले.

झाले ते असे. दोन तोंडांच्या बऱ्याच पॉवर बँका दुसरे उपकरण लागले की सगळी बोलणी नव्याने करतात. तेवढ्यासाठी पहिल्या तोंडाची वीज क्षणभर तुटते. डबी स्वतः चार्जला लावली तरी काहींत हेच घडते. कॅमेऱ्याला ते कळले, त्याने पोटातल्या बॅटरीवर उडी मारली आणि वीज परतल्यावर पुन्हा बाहेरून घ्यायला सुरुवात केली. सोनीच्या कॅमेऱ्यांत बाहेरून वीज चालू असली तरी आत चार्ज असलेली बॅटरी लागतेच, ती याचसाठी कामी येते.

मग तिने काकांचा जीएच५ पुढे ओढला. हा २०१७ सालचा. पॅनासॉनिकने यूएसबीवरून वीज घेण्याची सोय पुढच्या जीएच५ टूमध्ये, २०२१ साली आणली. जुन्याला बाहेरून वीज द्यायची तर डमी बॅटरी हाच रस्ता. आकाराने बॅटरीसारखाच ठोकळा, आत सेल नाहीत, मागून वायर निघते आणि बॅटरीच्या झाकणाजवळच्या रबरी खिडकीतून बाहेर येते. तिने आणलेल्या डमीचे दुसरे टोक यूएसबी-सीचे होते. पॉवर बँकेकडून नऊ व्होल्ट मागून घेऊन ते आठच्या आसपास उतरवून कॅमेऱ्याला देणारे. चित्रीकरण सुरू केले, पुन्हा मोबाइल खोचला.

पडदा काळा झाला. कॅमेरा पुन्हा चालू केल्यावर शेवटची क्लिप उघडेना.

एमपी४ किंवा एमओव्ही फाइलमध्ये कुठल्या क्षणाचे चित्र नेमके कुठे ठेवले आहे याची सूची कॅमेरा सहसा चित्रीकरण थांबवताना, शेवटी लिहितो. वीज अचानक गेली तर चित्र कार्डावर असते, पण सूची नसते, म्हणून प्लेअरला ते सापडत नाही. काही कॅमेरे पुन्हा चालू झाल्यावर दुरुस्ती करतात. काही वेळा त्याच कॅमेऱ्याची एखादी धड क्लिप नमुन्याला घेऊन सॉफ्टवेअरने फाइल सावरता येते. जत्रेच्या रात्री मात्र पुढचे नाटक चालूच असते आणि हे सगळे करायला सवड नसते.

"हेच मी सांगतोय केव्हापासून," काका म्हणाले.

"अर्धं तुम्ही सांगताय. वायर वाईट नाही. मागे काहीच नसलेली वायर वाईट."

इथे लेखकाचे मत पुतणीच्या बाजूने आहे. जे पुन्हा घडणार नाही त्याच्यासाठी डमी बॅटरी वापरू नये. स्टुडिओतली मुलाखत, स्वयंपाकाचा कार्यक्रम, घरून केलेले थेट प्रक्षेपण यांना ती उत्तम. तुटले तर पुन्हा सुरू करता येते. पण तिच्यात बॅटरीची माहिती सांगणारी व्यवस्था नसते, त्यामुळे पडद्यावरचा टक्का एक तर दिसत नाही किंवा खोटा दिसतो. स्वस्त डमींचे आणखी एक दुखणे आहे. त्या साध्या पाच व्होल्ट, दोन ॲम्पिअरच्या तोंडातून वीज घेऊन आठ व्होल्टला चढवतात. कागदावर दहा वॉट, हाती त्याहून कमी. लेन्सची मोटर आणि फोर-के यांनी एकदम जोर लावला की ती मर्यादा ओलांडली जाते आणि कॅमेरा काहीही न सांगता झोपतो. जीएच५सारख्या कॅमेऱ्याला रात्र काढायची असेल तर कंपनीची बॅटरी ग्रिप लावावी. कॅमेरा आणि ग्रिप मिळून दोन बॅटऱ्या बसतात आणि एक संपली की कॅमेरा दुसरीवर जातो. काकांच्या कॅमेऱ्यासाठी शेवटी तेच ठरले, आणि ग्रिप बाजारात सहज मिळत नसल्याने ती ओळखीच्याकडून मागवावी लागली.

यूएसबीची बाजूही सगळी निर्दोष नाही. ए७ थ्रीसारखे २०१८च्या आसपासचे कॅमेरे यूएसबीवरून वीज घेतात, पण पीडी न ओळखणाऱ्या मॉडेलना पाच व्होल्टचीच वीज मिळते. फोर-केमध्ये खर्च जास्त आणि आवक कमी, अशा वेळी आतली बॅटरी हळूहळू उतरत राहते. काही पॉवर बँका ओढ कमी झाली की मोबाइल भरला असे समजून स्वतःच बंद होतात. हे सगळे घरी, पूर्ण लांबीची चाचणी घेऊनच कळते. पुतणीने ती घेतलेली होती: कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखून रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी फाइल तपासली.

आता काकांनी कॅमेरा हाती घेतला. ट्रायपॉडवर चढवून त्यांनी लोंबणाऱ्या वायरला एका बोटाने हलकेच वर-खाली केले. यूएसबी-सीचे टोक तोंडात किंचित डुलले. "रात्रभर पॅन करशील तेव्हा हे हजार वेळा डुलणार. तोंड सैल झालं की बोर्डापर्यंत खर्च आहे." त्यांनी कापडी टेप काढली. वायरचा एक सैल वळसा ट्रायपॉडच्या डोक्याखाली बांधला, म्हणजे कॅमेरा फिरला तरी ताण वळशावर यावा. दुसरा वळसा थेट कॅमेऱ्याच्या बाजूच्या क्लॅम्पवर, तोंडापासून चार बोटांवर. पॉवर बँक त्यांनी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवीत टांगली. खाली वजन आले की ट्रायपॉडही स्थिर राहतो. मग वायरला जोरात झटका दिला. टोक हलले नाही.

पॉवर बँकेचे दुसरे तोंड त्यांनी टेपने बुजवून टाकले. जत्रेत कुणीतरी "जरा मोबाइल लावू काय?" म्हणतोच, आणि मंडळाच्या माणसाला नाही म्हणवत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र दोघांत मतभेद नव्हता. काकांनी मांडवातली लाइन घेऊन अडॉप्टरवर पुष्कळ शूटिंग केले आहे. सगळ्यांत जुनी बाहेरची वीज तीच. तिचा त्रास त्यांना तोंडपाठ आहे. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून आवाजाची वायर कॅमेऱ्यात घेतली आणि कॅमेऱ्याचा अडॉप्टर त्याच जनरेटरच्या दुसऱ्या बोर्डावर लावला की अर्थिंगच्या दोन वाटांचे एक वर्तुळ तयार होते आणि पन्नास हर्ट्झची घूं अशी घरघर रेकॉर्डिंगमध्ये कायमची बसते. दशावतारात नट मोठ्याने बोलतो तोवर ती झाकते. विलापाच्या पदात, आवाज खाली आला की उघडी पडते. कॅमेरा बॅटरीवर असेल, मग ती पोटातली असो की टांगलेली, तर हे वर्तुळ पूर्णच होत नाही. शिवाय जनरेटरमध्ये डिझेल घालताना लाइन जाते तेव्हा अडॉप्टरवरचा कॅमेराही जातो. उलट सुमार पॉवर बँकेतून कधीकधी चीं असा बारीक आवाज येतो. त्याचा उपाय एकच: हेडफोन लावून, शांत खोलीत, आधी ऐकून घेणे.

राहिले दव. मार्गशीर्षात पहाटे तीननंतर कॅमेऱ्याचा धातू ओला लागतो. वायर लावली म्हणजे तोंडावरचे रबरी झाकण उघडे राहते, हे पुतणीच्या लक्षात नव्हते. काकांनी जुन्या छत्रीच्या कापडाचा तुकडा दिला. थंडीने बॅटरीची ताकद थोडी घटते, पण कोकणातल्या थंडीने घाबरण्याइतकी नाही. लडाखला शूट करणाऱ्यांनी तिची काळजी करावी. उन्हाळ्यातल्या जत्रांत उलट प्रश्न. कॅमेरा स्वतःच तापतो. कॅननचा आर५ २०२० साली आला तेव्हा एट-के चित्रीकरण तेवीस अंश तापमानात सुमारे वीस मिनिटेच चालेल असे कंपनीनेच जाहीर केले होते. तिथे बाहेर कितीही मोठी बॅटरी लावली तरी उपयोग नाही.

"वीज झाली," काका म्हणाले. "आता कार्ड किती वेळ पुरेल सांग."

या प्रश्नाने पुतणी थबकली. शंभर एमबीपीएस दराने फोर-के लिहायचे तर तासाला पंचेचाळीस जीबी लागतात. साडेसहा तासांचे २९० जीबीच्या वर. तिच्याकडे २५६ जीबीचे कार्ड होते, ते पावणेसहा तासांच्या आत भरले असते. नाटक अकराला सुरू झाले तर पावणेपाचला, म्हणजे आख्यान ऐन शेवटाला आलेले असताना. वीज मुबलक झाली की थांबण्याची जागा फक्त सरकते. बॅटरी दोन तासांनी थांबवत होती तेव्हा कार्डाकडे आपोआप लक्ष जाई. आता आठ तास कॅमेऱ्याला हात लावायची गरज नाही म्हटल्यावर कुणी बघतच नाही. तिने दुसऱ्या खाचेत आणखी एक कार्ड घातले आणि मेनूत जाऊन एक भरले की दुसऱ्यावर लिहिणे सुरू होईल अशी मांडणी केली. तिथेच तापमानाने आपोआप बंद होण्याची मर्यादा 'हाय'वर नेली.

कार्डाची ही चूक काकांनी पकडली ती त्यांच्या जुन्या सवयीमुळे. दर अर्ध्या तासाला कॅमेऱ्याजवळ जाऊन टक्का, कार्ड, आवाजाची पातळी आणि फोकस बघायचा. बाहेरच्या बॅटरीने ही फेरी रद्द होऊ नये, हा त्यांचा आग्रह पुतणीने मान्य केला.

तिसरी वाट काकांना मनातून आवडते: व्ही-माउंट. वृत्तवाहिन्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यांच्या मागे असते ती विटेसारखी बॅटरी, साधारण साडेचौदा व्होल्टची. गोव्यातल्या एका कॅमेरामन मित्राने त्यांना जुनी दीडशे वॉट-अवरची दिली आहे. तिच्यावर कॅमेरा, मॉनिटर आणि छोटा दिवा एकत्र चालतात. बांधणी दणकट, आणि पातळी दाखवणारे दिवे तिच्या अंगावरच.

"ती लावूया की तुझ्या कॅमेऱ्याला."

"थेट नाही. तिच्या डी-टॅप नावाच्या तोंडातून पूर्ण व्होल्टेज बाहेर येतं. माझ्या कॅमेऱ्याला नऊ लागतात, तुमच्याला आठ. मधे व्होल्टेज उतरवणारी वायर हवी. साधी वायर लावली तर कॅमेरा गेला."

ते काकांना माहीत होते. पण व्ही-माउंटला प्लेट लागते, वायरी लागतात, सातआठशे ग्रॅम वजन वाढते, आणि एकाच फोटो-कॅमेऱ्यासाठी हा पसारा फार होतो. मॉनिटर, वायरलेस माइकचे रिसीव्हर आणि दिवा हे सगळे सोबत असेल तेव्हाच तिची किंमत वसूल होते.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली तेव्हा सुरुवातीच्या ग्राहकांत हँडिकॅमही होता. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुतणीने हे सांगितले तेव्हा काकांनी पॉवर बँक उचलून उलटी केली. मोबाइलची वस्तू म्हणून आता त्यांनी तिला हिणवले नाही. ते तिच्या मागचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचू लागले. बीआयएसचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, आणि वॉट-अवर छापलेत का? रस्त्यावर मिळणाऱ्या डब्यांवर तीस हजार, पन्नास हजार असे वाटेल ते आकडे असतात आणि वजन हातात घेतल्यावरच त्यांचा खोटेपणा कळतो. लिथियम सेल बिघडला की विझवणे कठीण. देवळाच्या लाकडी मंडपात, माणसे दाटीने बसलेली असताना, तिथे पैसे वाचवू नयेत.

वॉट-अवर छापलेले आहेत की नाहीत याची पुतणीला आणखी एका कारणाने निकड होती. जत्रा झाल्यावर तिला हेच सामान घेऊन मोपा विमानतळावरून दिल्लीला उडायचे होते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. शंभर वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्याही दोनच. त्यापुढच्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. २७,००० एमएएचच्या पॉवर बँका बाजारात एवढ्या दिसतात याचे कारण हेच. ३.७ने गुणले की ९९.९ येतात.

"म्हणजे माझी वीट इथेच राहणार," काका म्हणाले. "परवानगी कोण काढत बसणार? तू माझ्या चार बॅटऱ्या घेऊन जा, माझ्याकडे तोवर ग्रिप आहे."

"तुमच्या माझ्या कॅमेऱ्यात बसत नाहीत, काका."

"मग तुझ्या आणखी दोन घे. वायर आहे म्हणून खिसा रिकामा ठेवू नको."

दोन घ्यायचे तिने कबूल केले. सुट्या बॅटऱ्यांची टोके एकमेकांना किंवा किल्ल्यांना लागू नयेत म्हणून झाकलेली असावी लागतात. तिने काकांना नव्या बॅटरीबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या मागितल्या. काकांनी ड्रॉवर उपसला. तीस वर्षांच्या लेन्सच्या टोप्या, फ्यूज, कॅसेटचे डबे निघाले, बॅटरीच्या टोप्या निघाल्या नाहीत. त्यांनी कात्रीने कागदी टेपचे तुकडे कापून दिले, आणि एकेका तुकड्यावर पेनाने पाच, सहा असे पुढचे क्रमांक घातले.